पण विद्यापीठ दिलं ना!

लेलंड स्टॅनफर्डबद्दल दोन वाईट शब्द काढले की आमच्या क्षेत्रातला माणूस हमखास एक वाक्य बोलतो: "पण विद्यापीठ दिलं ना!" हे वाक्य आता इतकं सवयीचं झालंय की तो एक युक्तिवाद आहे आणि तो तपासून बघता येतो, हेही कुणाच्या डोक्यात येत नाही. सरकारी कचेरीत फाइल बंद करताना मारतात तसा तो शिक्का आहे. रेल्वेचा पैसा कुठून आला, गव्हर्नर असताना या माणसाने काय केलं, डोंगर कुणी फोडले, सगळ्यावर तोच एक शिक्का बसतो आणि फाइल कपाटात जाते. मला ती फाइल बाहेर काढायची आहे.

उद्योजकांच्या प्रेरणादायी कहाण्या सांगणाऱ्यांकडे स्टॅनफर्डची गोष्ट साधारण अशी असते. न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यातला मुलगा. वकील झाला, ऑफिस जळून खाक झालं, तरी खचला नाही. कॅलिफोर्नियात जाऊन खाणकामगारांना किराणा विकला. मग अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे बांधली, गव्हर्नर झाला, सिनेटर झाला. एकुलता एक मुलगा गेला तेव्हा 'कॅलिफोर्नियाची मुलं आता आमची मुलं' असं म्हणून विद्यापीठ काढलं. पुढे त्याच विद्यापीठाच्या अंगणात सिलिकॉन व्हॅली उगवली. शेवटी श्रोत्यांसाठी तात्पर्य: धोका पत्करा, मोठं स्वप्न बघा, समाजाला परत द्या.

यातल्या बहुतेक घटना खऱ्या आहेत. पण त्यांच्या मधल्या जागा कोऱ्या सोडल्यात, आणि पैसा नेमका त्या कोऱ्या जागांतून आलाय.

सुरुवात 'शून्यातून' करू. १८२४ साली जन्मलेल्या स्टॅनफर्डच्या वडिलांची शेती होती, उतारूंसाठी खाणावळ होती. मुलाला वकिलीपर्यंत शिकवण्याची ऐपत होती. १८५२ साली विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन गावात त्याचं ऑफिस आणि कायद्याची पुस्तकं जळाली हे खरं. पण तो कॅलिफोर्नियात गेला तेव्हा तिथे त्याच्या भावांचा व्यापार आधीच सुरू होता. त्यांच्या आधाराने त्याने खाणींच्या मुलुखात दुकान टाकलं आणि काही वर्षांत सॅक्रामेंटोला चांगला जम बसवला. यात गैर काहीच नाही. सोन्याच्या गर्दीत सोनं शोधणाऱ्यांपेक्षा त्यांना फावडी आणि पीठ विकणाऱ्यांनी जास्त कमावलं, हे जगजाहीर आहे. स्टॅनफर्ड एवढ्यावर थांबला असता तर एक सुखवस्तू वाणी म्हणून मेला असता आणि मला हा लेख लिहावा लागला नसता.

रेल्वेची कल्पना त्याची नव्हती. ती थिओडोर जूडा या इंजिनिअरची होती. सिएरा नेवाडाच्या भिंतीतून गाडी वर चढू शकेल अशी वाट त्याने पायी हिंडून शोधली, डच फ्लॅट गावातल्या डॅनियल स्ट्राँग या औषधविक्रेत्याच्या मदतीने डॉनर खिंडीचा मार्ग पक्का केला, चढ मोजले, नकाशे काढले. सॅन फ्रान्सिस्कोच्या धनिकांनी त्याला दारातून परत पाठवलं. सॅक्रामेंटोच्या चार व्यापाऱ्यांनी मात्र ऐकून घेतलं: स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर. जून १८६१ मध्ये 'सेंट्रल पॅसिफिक' कंपनीची नोंदणी झाली आणि स्टॅनफर्ड अध्यक्ष झाला. चौघांनी प्रत्येकी दीडशे शेअर घेतले. शेअर शंभर डॉलरचा, पण सुरुवातीला दहा टक्केच भरायचे होते. म्हणजे ज्या धाडसाची गाथा सांगतात ते सुरुवातीचं धाडस माणशी पंधराशे डॉलरचं होतं.

बाकीचा पैसा वॉशिंग्टनहून यायचा होता, आणि तो आणायचं कामही जूडाचंच. जूडाला मी संत करणार नाही. रेल्वे कंपनीचा माणूस असताना तो संसदेच्या रेल्वेविषयक समित्यांचं सचिवपदही सांभाळत होता. आजच्या भाषेत हा सरळसरळ हितसंबंधांचा संघर्ष आहे. कायदा झाला १ जुलै १८६२ रोजी. लिंकनची सही झाली आणि सरकारी कर्जरोख्यांचा दर ठरला: सपाट जमिनीवर मैलाला १६,००० डॉलर, दोन पर्वतरांगांच्या मधल्या पठारी भागात ३२,००० आणि डोंगरात ४८,०००. शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन. ती १८६४ च्या दुरुस्तीत दुप्पट होऊन मैलाला १२,८०० एकर झाली. त्याच दुरुस्तीने सरकारने आपला हक्क मागे घेतला आणि कंपनीच्या खासगी कर्जदारांना पुढे बसवलं. गाडा घसरलाच असता तर आधी खासगी सावकारांचे पैसे सुटले असते, मग जनतेचे.

१८६३ मध्ये जूडाचं चौघांशी बिनसलं. बांधकामाची कंत्राटं आपल्याच माणसांना देण्यावरून आणि खर्चाच्या हिशेबांवरून खटके उडाले. चौघांना विकत घेऊ शकेल असं भांडवल शोधायला तो पूर्वेकडे निघाला. पनामा ओलांडताना त्याला पिवळा ताप झाला आणि २ नोव्हेंबर १८६३ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला. वय ३७. कंपनीने त्याची आखणी ठेवली, पुढे सर्वेक्षणं करून तीच वाट वापरली. श्रेय अर्थातच 'रेल्वे बांधणाऱ्या' चौघांचं.

आता कायद्यातले मैलाचे दर पुन्हा वाचा, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावरच आहे. सपाटीवर १६,००० आणि डोंगरात ४८,०००. मग डोंगर सुरू कुठे होतो? सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघालेल्या कुणालाही डोळ्यांना दिसेल की बरेच मैल जमीन सपाट आहे. पण राज्याचा भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी याने मत दिलं की सिएराचा पायथा सॅक्रामेंटोपासून सातेक मैलांवर, आर्केड नावाच्या ओढ्याशी सुरू होतो. युक्तिवाद मातीचा होता: डोंगरावरून वाहून आलेली माती तिथून लागते. या दाव्याला पाठिंबा द्यायला जूडा तयार नव्हता. १८६४ च्या सुरुवातीला लिंकनने तो मान्य केला. त्यापुढच्या प्रत्येक सपाट मैलाला ३२,००० डॉलर जास्त मिळाले.

ज्या राज्याच्या भूशास्त्रज्ञाने हे मत दिलं त्या राज्याचा गव्हर्नर कोण होता? लेलंड स्टॅनफर्ड. जानेवारी १८६२ ते डिसेंबर १८६३ या काळात तो एकाच वेळी कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आणि सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष होता. ८ जानेवारी १८६३ रोजी सॅक्रामेंटोत रेल्वेच्या कामाचा पहिला फावडा मारला गेला, तो गव्हर्नरच्या हातून, म्हणजे मालकाच्याच हातून. त्याच्या कारकिर्दीत कंपनीला राज्याची आणि स्थानिक संस्थांची मदत देणारे कायदे झाले, आणि त्यांवर सही त्याचीच. १८६३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी झाली तेव्हा गव्हर्नरने तिथे एडविन क्रॉकरला बसवलं. हा कंपनीतल्या चार्ल्स क्रॉकरचा सख्खा भाऊ, आणि कंपनीचा वकील. न्यायाधीश झाल्यावरही त्याने कंपनीची वकिली सोडली नाही.

हे सांगितलं की दोन आक्षेप येतात. पहिला: रोखे म्हणजे कर्ज होतं, भेट नव्हती, आणि कंपनीने ते फेडलं. बरोबर. पण कधी? १८९९ मध्ये सरकारशी तडजोड झाली, देणं ठरलं पाच कोटी अठ्ठ्याऐंशी लाख डॉलरच्या वर, आणि हप्ते संपले १९०९ मध्ये. तोवर चौघेही मालक मरून गेले होते. त्यांच्या हयातीत नफा मात्र थांबला नव्हता, कारण तो रेल्वे चालवण्यात नव्हताच, बांधण्यात होता. आधी चार्ल्स क्रॉकरच्या नावाने आणि १८६७ पासून 'काँट्रॅक्ट अँड फायनान्स कंपनी' नावाच्या संस्थेमार्फत बांधकामाची कंत्राटं दिली गेली. ही संस्था याच चौघांच्या मुठीत होती. रेल्वे कंपनीचे अध्यक्ष आणि संचालक म्हणून ते कंत्राटाचा भाव ठरवत, आणि कंत्राटदार म्हणून तोच भाव स्वीकारत. कर्ज रेल्वेच्या बोकांडी, कमाई कंत्राटदाराच्या खिशात. आपल्याकडे गल्लीतला नगरसेवक मेव्हण्याच्या नावाने गटाराचं काम घेतो तेव्हा त्याला आपण भ्रष्टाचार म्हणतो. मैलांची लांबी वाढली की त्याला दूरदृष्टी म्हणायचं, असा काही नियम आहे का?

दुसरा आक्षेप: "त्या काळात सगळेच तसे वागायचे, आजच्या फूटपट्टीने मोजू नका." ठीक आहे, त्या काळचीच फूटपट्टी घेऊ. १८८७ मध्ये अमेरिकी संसदेने पॅसिफिक रेल्वे आयोग नेमला. बांधकामाचा खरा खर्च किती, नफा किती आणि आमदार-खासदारांवर प्रभाव टाकायला पैसे वापरले का, हे त्याला हवं होतं. काँट्रॅक्ट अँड फायनान्स कंपनीच्या हिशेबाच्या वह्या आयोगाला मिळाल्याच नाहीत. त्या गायब झाल्या होत्या. स्टॅनफर्ड साक्षीला आला. तेव्हा तो अमेरिकेचा सिनेटर होता. कायदे करून घेण्यासाठी पैसे दिले का, अशा थेट प्रश्नांना उत्तर द्यायला त्याने नकार दिला. आयोग न्यायालयात गेला. तिथे स्टॅनफर्डच्या बाजूने निकाल लागला: असल्या आयोगाला माणसाच्या खासगी व्यवहारांत शिरून जबरदस्तीने उत्तरं काढता येणार नाहीत. तत्त्व म्हणून वाचला तर निकाल चांगलाही वाटतो. सरकारने कुणाच्याही वह्या वाटेल तेव्हा उघडू नयेत, हे मलाही पटतं. पण निकाल देणाऱ्यांत स्टीफन फील्ड आणि लोरेन्झो सॉयर हे दोन न्यायाधीश होते. आणि दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १८८५ मध्ये, स्टॅनफर्डने आपल्या नव्या विद्यापीठाचे जे विश्वस्त नेमले त्या यादीत फील्ड आणि सॉयर ही दोन्ही नावं होती. सॉयर तर विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष होता.

"पण विद्यापीठ दिलं ना" म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. विद्यापीठ ही शेवटी येऊन सगळं शुद्ध करणारी गोष्ट आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात चौकशी सुरू असताना ते कागदावर आलेलं होतं आणि चौकशी अडवणारे न्यायाधीश त्याचे विश्वस्त होते. आयोगाचा अध्यक्ष रॉबर्ट पॅटिसन याने आपला वेगळा, कडक शब्दांतला अहवाल लिहिला. म्हणजे फूटपट्टी तेव्हाही होती आणि ती हातात घेतलेली माणसंही होती. ती हरली, एवढंच.

आता डोंगर प्रत्यक्षात कुणी फोडला त्याकडे येतो. जानेवारी १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून शपथ घेताना केलेल्या भाषणात स्टॅनफर्डने आशियातून येणाऱ्या लोकांना हीन वंश ठरवलं आणि त्यांनी इथे वसू नये म्हणून कायदेशीर असेल ते सगळं करायला हवं असं बजावलं. तीन वर्षांनी रेल्वेला मजूर मिळेनात. गोरे कामगार यायचे आणि चांदीच्या खाणींकडे पळायचे. १८६५ पासून कंपनीने चिनी मजूर मोठ्या संख्येने घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनला पाठवलेल्या अहवालात हाच स्टॅनफर्ड लिहितो की हे लोक शांत, सोशिक, कष्टाळू आणि काटकसरी आहेत, आणि त्यांच्याशिवाय कायद्याने घातलेल्या मुदतीत काम होणं अशक्य आहे. त्याचं मत बदललं असं काही चरित्रकार कौतुकाने सांगतात. मला त्यात फक्त गरज बदललेली दिसते.

ऐन भरात कंपनीच्या दहा मजुरांपैकी आठ-नऊ चिनी होते. डॉनर खिंडीखालचा शिखर-बोगदा १,६५९ फूट लांब, अखंड ग्रॅनाइटमधला. दोन्ही तोंडांकडून आणि मध्ये विहिरीसारखा खड्डा खणून तिथून दोन्ही दिशांना, असं चार बाजूंनी काम चालायचं. काळ्या दारूने खडक हलेना म्हणून जागेवर नायट्रोग्लिसरीन तयार करून वापरलं. हिवाळ्यात बर्फाचे कडे कोसळून मजुरांच्या छावण्या गाडल्या गेल्या. काही प्रेतं बर्फ वितळल्यावर वसंतात सापडली. पगार गोऱ्यांपेक्षा कमी होता, कारण गोऱ्यांना पगाराशिवाय जेवण आणि राहणं मिळायचं, चिन्यांना ते स्वतःच्या पैशाने करावं लागायचं.

जून १८६७ मध्ये काही हजार चिनी मजुरांनी हत्यारं खाली ठेवली. मागणी होती महिना ४० डॉलर, उघड्यावर दहा तासांचा दिवस आणि बोगद्यात आठ तासांचा. मारामारी नाही, दंगा नाही. छावणीत बसून राहिले. क्रॉकरने त्यांच्याकडे जाणारं धान्य बंद केलं. डोंगरावर दुसरं दुकान नव्हतं. साधारण आठवड्याभरात संप मोडला. कंपनीचा अध्यक्ष कोण होता, हे पुन्हा सांगायला नको.

या माणसांची नावं? कंपनीच्या पगारपत्रकात बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचं नाव आहे, आणि पुढे माणसांची संख्या. किती मेले याची नोंद कंपनीने ठेवली नाही. म्हणून अंदाज पन्नास-शंभरापासून बाराशेपर्यंत पसरलेले आहेत. इतका मोठा फरक असलेल्या आकड्याला खरं तर अंदाजही म्हणू नये. कुणी मोजलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. २८ एप्रिल १८६९ रोजी कंपनीने एका दिवसात दहा मैलांहून जास्त रूळ टाकायचा विक्रम केला. त्या दिवशी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावं नोंदलेली आहेत आणि आजही सांगितली जातात. त्याच दिवशी त्याच मार्गावर राबणाऱ्या शेकडो चिन्यांपैकी एकाचंही नाव त्या नोंदीत नाही. आणि १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमन्टरी इथे दोन रेल्वे जोडताना स्टॅनफर्डच्या हातात जो सोन्याचा खिळा होता त्याच्या अंगावर कंपनीच्या अधिकाऱ्यांची आणि संचालकांची नावं कोरलेली आहेत. तो खिळा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहात गेला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीमागे ती कुणी आणि कधी लिहिली याची नोंद राहते. एक आज्ञा दिली की ओळीशेजारी नाव दिसतं. ही सोय कुणाच्या मोठ्या मनामुळे झालेली नाही. काही बिघडलं तर कुणाला विचारायचं हे कळावं म्हणून ती केली गेली. म्हणजे कामाची नोंद ठेवणं हा साधा व्यवहार आहे. सेंट्रल पॅसिफिकला तो येत नव्हता असं नाही. रुळांचे, स्फोटकांचे, घोड्यांचे हिशेब होते. माणसांचे ठेवले नाहीत, कारण माणूस गेला तर विचारायला कुणी येणार नव्हतं.

"पण चिनी मजुरांचा इतिहास स्टॅनफर्ड विद्यापीठानेच शोधून काढला ना?" हो. २०१२ साली गॉर्डन चांग आणि शेली फिशर फिश्किन यांच्या पुढाकाराने तिथे मोठा संशोधन-प्रकल्प सुरू झाला. देशोदेशीच्या अभ्यासकांनी शोधूनही एकाही चिनी रेल्वे-मजुराचं स्वतःच्या हातचं पत्र किंवा रोजनिशी मिळाली नाही. मग खोदकामात सापडलेली खापरं, पगारपत्रकं, वर्तमानपत्रं, वंशजांच्या आठवणी यांतून त्यांनी ते आयुष्य जुळवलं. काम थोर आहे आणि त्याचं श्रेय ते करणाऱ्या अभ्यासकांचं आहे. ते स्टॅनफर्डच्या खात्यावर जमा करणं म्हणजे ज्याने कागद ठेवले नाहीत त्यालाच कागद शोधल्याचं बक्षीस देणं.

कुणी म्हणेल, परक्या मजुरांचं तेव्हा असंच व्हायचं. मग एडवर्ड मायब्रिजचं बघा. हा गोरा, नावाजलेला छायाचित्रकार. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात का, हे बघण्यासाठी स्टॅनफर्डने त्याला पैसे दिले आणि रेल्वेतल्या तंत्रज्ञांची मदत दिली. १८७८ मध्ये पालो आल्टोच्या घोड्यांच्या फार्मवर ओळीने कॅमेरे लावून मायब्रिजने ती प्रसिद्ध छायाचित्रं घेतली. चित्रपटाच्या इतिहासाचं पहिलं पान तिथून सुरू होतं. १८८२ मध्ये स्टॅनफर्डने आपल्या डॉक्टर मित्राच्या, जे. डी. बी. स्टिलमनच्या नावाने या प्रयोगांवर पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर मायब्रिज नाही. त्याच्या छायाचित्रांवरून केलेली रेखाटनं मात्र आत आहेत. लंडनच्या रॉयल सोसायटीत मायब्रिजचा निबंध छापला जाणार होता, तो या पुस्तकामुळे मागे पडला. त्याने दावा लावला, तो हरला. जूडा, चिनी मजूर, मायब्रिज: तिघांची परिस्थिती वेगवेगळी, पण काम झाल्यावर नाव कुणाचं राहिलं ते बघा.

आता विद्यापीठ. मार्च १८८४ मध्ये फ्लॉरेन्सला स्टॅनफर्डचा पंधरा वर्षांचा मुलगा विषमज्वराने गेला. त्या आईबापांच्या दुःखाबद्दल मला शंका नाही आणि त्यावर शेरा मारायचा मला अधिकारही नाही. १८९१ मध्ये विद्यापीठ उघडलं तेव्हा मुलींना प्रवेश होता आणि फी नव्हती. तेव्हाच्या अमेरिकेत ही मोठीच गोष्ट होती. सिनेटर झाल्यावर स्टॅनफर्डने कामगारांच्या सहकारी संस्थांचा पुरस्कार केला, तसं विधेयक मांडलं, आणि विद्यापीठाच्या स्थापनापत्रात सहकाराचे फायदे शिकवावेत असंही घातलं. ज्याने धान्य तोडून संप मोडणारी कंपनी चालवली त्याने म्हातारपणी कामगारांच्या मालकीचं तत्त्वज्ञान मांडावं, हे मला ढोंगापेक्षा गंभीर वाटतं. त्याला योग्य काय ते कळत होतं. ते त्याने दुसऱ्यांच्या भावी कंपन्यांसाठी सुचवलं.

विद्यापीठ ज्या इस्टेटीवर उभं होतं तिच्यावर १८९३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर सरकारने दीड कोटी डॉलरच्या वर दावा लावला. म्हणणं असं की रेल्वेच्या सरकारी कर्जाला भागधारक म्हणून तो आपल्या हिश्श्यापुरता जबाबदार होता. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्या तीन वर्षांत जेन स्टॅनफर्डने विद्यापीठ अक्षरशः घरखर्चाच्या पैशांतून चालू ठेवलं, याला दाद द्यायलाच हवी. पण निकालाचा अर्थ साधा आहे: कंपनीचं कर्ज कंपनीचं, कंपनीतून आलेली संपत्ती मालकाची. कायद्याने ते बरोबर असेल. मग दानाची भाषा बोलताना जरा आवाज खाली ठेवावा.

आणि सगळ्यात मोठा युक्तिवाद: असे लोक नसते तर विद्यापीठं कुठून आली असती? इथे एक तारीख मदतीला येते. लिंकनने रेल्वेच्या कायद्यावर सही केली १ जुलै १८६२ रोजी. दुसऱ्याच दिवशी, २ जुलैला, त्याने मॉरिल कायद्यावर सही केली. त्या कायद्याने राज्यांना सार्वजनिक महाविद्यालयं काढण्यासाठी सरकारी जमीन दिली. त्याच आधारावर १८६८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ स्थापन झालं. म्हणजे तीच संसद, तोच राष्ट्राध्यक्ष, तसलीच सार्वजनिक जमीन. ती मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हे दोन्ही कायद्यांना लागू आहे. एका दिवशी ती जमीन रेल्वे कंपन्यांना मिळाली, दुसऱ्या दिवशी थेट शिक्षणाला. पहिल्या वाटेने विद्यापीठ यायला एकोणतीस वर्षं लागली, एक मुलगा मरावा लागला आणि एका श्रीमंत माणसाला तसं वाटावं लागलं. दुसऱ्या वाटेने ते सहा वर्षांत आलं, आणि त्याला कुणाचे आभार मानावे लागले नाहीत. बर्कलीपासून स्टॅनफर्ड तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तुलना करायला फार लांब जायला नको.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं उकरून काढायचं कारण म्हणजे 'संस्थापक' या शब्दाचा आमच्या धंद्यातला साचा याच माणसावरून पाडलेला आहे. पुण्या-बंगळुरातल्या ऑफिसांत आज जी कौतुकाची भाषा चालते तिचे चारही खांब इथे दिसतात: सार्वजनिक पैशावर घेतलेली उडी 'स्वतःची रिस्क' म्हणून सांगायची, इंजिनिअरची कल्पना 'व्हिजन' म्हणून आपल्या नावावर घ्यायची, कंत्राटी माणसं आकड्यांत मोजायची आणि शेवटी फाउंडेशन काढायचं. ज्या इंटरनेटवर आमचा सगळा डोलारा उभा आहे त्याचा पाया अमेरिकी सरकारच्या पैशाने घातला गेला. पण गॅरेजची गोष्ट सांगताना सरकार त्या गॅरेजच्या बाहेर उभं असतं. आमच्यातले हुशार लोक त्या विद्यापीठात शिकायला जातात, जावंही. तिथली प्रयोगशाळा चांगली आहे म्हणून त्या नावाच्या माणसाची वकिली करायचं बंधन प्रवेशपत्रात नसतं.

दान वाईट असतं असं मी म्हणत नाही. दान हे हिशेबाचं उत्तर नाही, एवढंच म्हणतोय. पैसा कसा आला हा एक प्रश्न, तो कुठे गेला हा दुसरा. दुसऱ्याचं सुंदर उत्तर देऊन पहिला पुसता येत नाही. शाळेत गणिताचं शेवटचं उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या नसतील तर बाई मार्क कापायच्या. इथे तर पायऱ्या लिहिलेली वहीच गायब आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "पण विद्यापीठ दिलं ना!" म्हणालं तर वाद घालू नका. "हो, दिलं" म्हणा. मग काँट्रॅक्ट अँड फायनान्स कंपनीच्या वह्या मागा.